सही कलिन्यात, परिणाम रत्नागिरीत

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर आहे, वाऱ्याचा आवाज येईल, जरा सांभाळून घ्या. आजचा विषय विद्यापीठाची स्वायत्तता, म्हणजे तिथले निर्णय नक्की कोण घेतं.

इथल्या बहुतेक कॉलेजांत बी. ए.ला काय शिकवायचं, हे मुंबईत कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात ठरतं. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे मुंबई विद्यापीठाखाली येतात.

आता २०१० सालची गोष्ट. रोहिंटन मिस्त्री यांची एक कादंबरी बी. ए. इंग्रजीला होती. तिच्यात शिवसेनेवर टीका होती. सेनेच्या विद्यार्थी संघटनेने प्रती जाळल्या आणि कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरून कादंबरी काढून टाकली. एरवी काय होतं? त्या विषयाचे शिक्षक अभ्यास मंडळात बसतात, हुज्जत घालतात, मग विद्वत परिषद मान्यता देते. तातडीचे अधिकार असतात ते कारभार अडू नये म्हणून. इथे काय अडलं होतं, सांगा! एका सहीने पुस्तक रत्नागिरीतल्या अभ्यासक्रमातूनही गेलं.

एकाच पक्षाला बोल लावू नका. २०२१ साली महाविकास आघाडीने उच्च शिक्षणमंत्र्यांना विद्यापीठांचे प्र-कुलपती, म्हणजे कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखाल, करणारी दुरुस्ती विधिमंडळात मंजूर केली. पुढच्या सरकारने ती मागे घेतली. पण २०२४च्या सप्टेंबरात, महायुतीच्या काळात, मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेची, म्हणजे सिनेटची, पदवीधर निवडणूक मतदान तोंडावर असताना सरकारी आदेशानंतर थांबवली गेली. न्यायालयात कोण गेलं? ठाकरे गटाची युवा सेना! म्हणजे १४ वर्षांपूर्वी पुस्तक काढायला लावणाऱ्यांचेच भाईबंद. उच्च न्यायालयाने निवडणूक घ्यायला लावली आणि दहाच्या दहा जागा त्यांनीच जिंकल्या. सत्तेबाहेर गेलं की सगळ्यांना स्वायत्तता आठवते, हे माझं मत.

पण पुस्तक जाळलं की बातमी तरी होते. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं काय? कायम जागा भरायच्या तर सरकारची मान्यता हवी. ती सगळ्या जागांना मिळत नाही, मग तासावर पैसे आणि नेमणूक एका वर्षापुरती. अशा माणसाला गप्प बसवायला फतवा काढावा लागत नाही.

आजचा व्हिडिओ खरं तर मुलाखतीचा होता. असेच एक सर येणार होते, राज्यशास्त्र शिकवतात. काल रात्री फोन आला. म्हणाले, "कॅमेऱ्यासमोर नको रे. जूनमध्ये परत ऑर्डर निघायची आहे."