ग्लेंडेलची मतं आणि टेंभी नाक्यावरचं सिनेगॉग

(ठाण्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आधी एक विचारतो. इथे बसलेल्यांपैकी कुणाकुणाची मुलं, भाचे, पुतणे न्यू जर्सीत आहेत? बघा, निम्मं सभागृह हात वर करून बसलंय! त्यातले काही एडिसनला असणारच. तिथून निवडून येणारे फ्रँक पलोन हे १९९३ साली अमेरिकी काँग्रेसमध्ये भारतमित्रांचा गट, 'इंडिया कॉकस', काढणाऱ्यांपैकी एक. गृहस्थ इटालियन वंशाचे, कॅथलिक. भारताचा लळा त्यांना चर्चमध्ये लागला नसणार, एडिसनमध्ये दारोदार मतं मागताना लागला असावा.

परराष्ट्र धोरणावर मत देताना लोकप्रतिनिधी देवाचं ऐकतो की मतदाराचं? माझा ठोकताळा साधा आहे. ज्या विषयाला मतदारसंघात फारशी मतं नाहीत, त्यासाठी माणूस वर्षानुवर्षं हट्ट धरून बसला, तर तिथे श्रद्धा शोधावी. मतं असतील, तर श्रद्धेच्या भाषेवर फार विसंबू नये.

कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलचं उदाहरण घ्या. तिथे आर्मेनियन लोकांची मोठी वस्ती. २००० साली तिथले रिपब्लिकन खासदार जेम्स रोगन यांची जागा धोक्यात होती. ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचं जे शिरकाण झालं, त्याला वंशसंहार म्हणणारा ठराव मतदानाला येणार, असं ठरलं. तुर्कस्तान खवळलं. तुर्कस्तान नाटोतला मित्र, त्याच्या भूमीवर अमेरिकेचा हवाई तळ. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सभापती हॅस्टर्ट यांना विनंती केली आणि ऐन निवडणुकीच्या तोंडावर ठराव मागे घेतला गेला. रोगन पडले. निवडून आले अ‍ॅडम शिफ. हे ज्यू, त्यांचे आर्मेनियन मतदार ख्रिस्ती. तरी त्यांनी तो ठराव सोडला नाही. २०१९ मध्ये ४०५ विरुद्ध ११ मतांनी तो प्रतिनिधिगृहात मंजूर झाला, तेव्हा योगायोगाने तुर्कस्तान सीरियात घुसल्यामुळे सगळेच त्याच्यावर चिडलेले होते. एकोणीस वर्षं वाट पाहायची आणि वारा फिरला की शीड उभारायचं, हे खरं राजकारण.

याउलट फ्रँक वुल्फ. व्हर्जिनियातले प्रेस्बिटेरियन. रुमानियातले, सुदानमधले छळले गेलेले ख्रिस्ती त्यांच्या मतदारसंघात किती मतं देणार होते? तरी ते तिथे जाऊन आले, बोलत राहिले. १९९८ च्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य कायद्यामागे त्यांचा मोठा जोर होता. त्याच कायद्याने नेमलेल्या आयोगाचा भारतावर टीका करणारा अहवाल आला की आपलं परराष्ट्र मंत्रालय दरवर्षी रागावतं.

आता आपल्याकडे. अमेरिकेत तहाला सेनेटच्या दोन तृतीयांश मतांची संमती लागते. आपल्याकडे करार मंत्रिमंडळ करतं, संसदेची मंजुरी त्याला लागत नाही. मग खासदाराच्या हातात राहतं काय? सरकार पाडण्याची धमकी! श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावर मार्च २०१३ मध्ये द्रमुकने आपले १८ खासदार घेऊन केंद्र सरकारचा पाठिंबा काढला. तिथे मतदार भाषेने बांधलेला होता. २००८ च्या अणुकराराच्या वेळी मात्र 'करार अमेरिकेशी, म्हणजे मुसलमान नाराज होणार' असा हिशेब उघडपणे मांडला जात होता. तो हिशेब लोकसभेत ओमर अब्दुल्लांनीच उधळला. मी मुसलमान आहे आणि भारतीयही, मला या कराराची भीती का वाटावी, असं त्यांनी विचारलं.

आणि इस्रायल? भारताने १९५० मध्येच मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंधांना १९९२ उजाडलं. मधल्या काळात अरब देशांचा आणि देशातल्या मुस्लिम मतांचा विचार होता, हे लपलेलं नाही. पण दुसऱ्या बाजूला कोण होतं? आपल्या टेंभी नाक्याजवळ १८७९ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, 'शाआर हाशमाईम'. तिथली बेने इस्रायली ज्यू माणसं तुमच्या-माझ्यासारखी मराठी बोलतात. कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून 'शनवार तेली'. त्यांचे भाऊबंद इस्रायलला गेले आणि तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढू लागले. इस्रायलशी इतकं जवळचं नातं ठाण्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. पण नरसिंह रावांनी निर्णय घेतला तो सोव्हिएत संघ कोसळल्यावर, अरब-इस्रायल वादावरची माद्रिदची शांतता परिषद पार पडल्यावर. सिनेगॉगमधल्या मतांसाठी कुणी अडून बसलं नव्हतं. मोजायला ती होतीच किती!