प्रबंध जमा झाला, आता नोकरी

नमस्कार श्रोतेहो. पीएचडीचा प्रबंध विद्यापीठात जमा केला की परीक्षकांचे अहवाल आणि व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, वाट बघण्यात कित्येक महिने जातात. नोकरीची तयारी करायची ती याच महिन्यांत. जाहिराती आणि फेलोशिपच्या मुदती आपल्या व्हायवासाठी थांबत नाहीत.

बहुतेकांना प्राध्यापकी हवी असते. पीएचडी असली की नेटची, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, गरज नाही, हा समज आता सोडा. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा राज्यपातळीवरची सेट हा किमान निकष आहे, पीएचडी ऐच्छिक आहे. शिवाय यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमावलीतला महाविद्यालयांसाठीचा गुणतक्ता बघा. बीएस्सीला 72 टक्के असतील तर 19 गुण, एमएस्सीला 65 टक्के असतील तर 23, पीएचडीचे 25, प्रत्येक शोधनिबंधाचे 2, पण जास्तीत जास्त 6. झाले 73. सेट असेल तर 5 वाढतात, नेट असेल तर 8. म्हणजे चौथ्या निबंधामागे धावण्यापेक्षा नेट पास होणं जास्त कामाचं. हे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते असतात; निवड मुलाखतीवर होते. विद्यापीठ विभागांचं गुणांकन वेगळं असतं, ते जाहिरातीतच वाचून घ्या.

अनुभवाचे वर्षाला 2 गुण, कमाल 10. पण पीएचडी करण्यात गेलेली वर्षं अनुभव म्हणून धरत नाहीत. रजा न घेता शिकवत शिकवत पीएचडी केली असेल तरच ती चालतात. इथेच सीएचबीवाल्यांची, म्हणजे तासांवर मानधन घेऊन शिकवणाऱ्यांची, फसगत होते. तासिका तत्त्वावर पाच-पाच वर्षं शिकवून पुढे कळतं की ही सेवा मोजली जात नाही. कंत्राटी सेवा धरायची तर नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली हवी आणि पगार कायम प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. म्हणून रुजू होण्याआधी नेमणूकपत्र नीट वाचा. मिळेल ती सीएचबी घेण्याआधी पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन पदाचा, विचार करा, असं आम्ही आवर्जून सांगू. 2023च्या सुधारित दरांनुसार अशा पदावरच्या रिसर्च असोसिएटला दरमहा 58 हजारांपासून पुढे आणि वर घरभाडे भत्ता मिळतो, अनुभवाचे गुणही मिळतात.

आता कंपन्या. बारा पानांचा सीव्ही दोन पानांवर आणा. ‘नॅनोकणांद्वारे औषधाचे नियंत्रित वितरण’ या शीर्षकावरून एचआरला काही कळत नाही. त्याऐवजी ‘एचपीएलसीवर पद्धत बसवली, व्हॅलिडेट केली, स्टॅबिलिटीचे नमुने तपासले’ असं लिहा, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या या यंत्रावरचं तुमचं काम औषध कंपनीतला क्यूसीवाला, म्हणजे गुणवत्ता तपासणारा, लगेच ओळखतो. समाजशास्त्रवाल्यांनी किती मुलाखती घेतल्या, कोणत्या सॉफ्टवेअरवर उत्तरांचं कोडिंग, म्हणजे वर्गीकरण, केलं ते लिहावं. इतिहासवाल्यांना मोडी वाचता येत असेल तर ती पहिल्या ओळीत हवी. जुन्या जमिनींच्या कागदांसाठी मोडी जाणकार लागतातच.

विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी एक वाट आहे, पेटंट एजंटची, म्हणजे इतरांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याची. पेटंट कार्यालय आपल्याच मुंबईत, अँटॉप हिलला आहे. एजंट होण्याच्या परीक्षेत दोन्ही लेखी पेपरांत किमान 50 आणि एकूण 60 टक्के लागतात. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, तेव्हा सूचना निघाली की त्याच आठवड्यात अर्ज भरा.