शपथविधीच्या आधी थोडंसं

श्रोतेहो, नमस्कार.

येत्या मंगळवारी, 20 जानेवारी 2009 ला, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतील तेव्हा वॉशिंग्टनमध्ये भर दुपारी बराक ओबामा अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेत असतील. 1861 साली अब्राहम लिंकन यांनी ज्या बायबलवर हात ठेवला होता, तेच बायबल या वेळी बाहेर काढणार आहेत. टीव्हीसमोर बसणार असाल, तर मागे संसदेच्या घुमटावर एक पुतळा दिसेल, तोही पाहा. ती स्वातंत्र्याची मूर्ती. ब्राँझचा तो पुतळा ओतण्याच्या कामावर फिलिप रीड नावाचा एक गुलाम होता. सरकारी दप्तरात त्याच्या मजुरीची नोंद सापडते. साच्यांखालची भट्टी पेटती ठेवायची म्हणून तो रविवारीही राबला, आणि त्या रविवारांचा रोज सव्वा डॉलर तेवढा त्याच्या हाती पडला. बाकी सहा दिवसांची कमाई मालकाची! 1863 च्या डिसेंबरात पुतळा वर चढला, तोवर राजधानीतली गुलामगिरी रद्द झाली होती आणि रीड मोकळा झाला होता.

निकाल लागला तेव्हा आपल्याकडे 5 नोव्हेंबरची सकाळ होती. राज्याराज्यांतून निवडलेल्या प्रतिनिधींच्या 538 मतांपैकी 365 ओबामांना. शिकागोच्या ग्रँट पार्कमधल्या गर्दीत जेसी जॅक्सन ओठांवर बोट धरून रडत उभे होते. हा माणूस डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर काम केलेला, 1984 आणि 1988 साली स्वतः राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागितलेला. त्या रडण्यात काय काय होतं, हे त्यालाच ठाऊक.

आनंद करावा अशीच ही गोष्ट आहे. मलाही झाला. पण ‘अमेरिकेतला वर्णभेद आता संपला’ असं जे गेले दोन महिने जिकडेतिकडे छापून येतंय, ते काही माझ्या गळी उतरत नाही.

कारण असा आनंद अमेरिकेत एकदा होऊन गेला आहे, आणि त्याची वार्ता पुण्यापर्यंत पोचली होती. 1873 साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना मुक्त केलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा. जोतीरावांची आशा काही हवेतली नव्हती. वर्णावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती 1870 सालीच झाली होती. त्याच वर्षी मिसिसिपीसारख्या राज्यातून हायरम रेव्हेल्स हा कृष्णवर्णीय माणूस सिनेटमध्ये जाऊन बसला होता.

पुढे 1877 साली दक्षिणेतलं केंद्राचं लष्करी संरक्षण उठलं आणि चक्रं उलटी फिरली. 1890 साली मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्या मतदानाच्या कलमांत ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही! दोन डॉलर मतदान-कर भरा, आणि घटनेतला एखादा उतारा वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा, एवढंच. अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार टेबलामागचा गोरा अधिकारी. घटनादुरुस्ती कागदावर जशीच्या तशी राहिली आणि मत मात्र गेलं.

अलाबामातल्या सेल्मा गावात हे कसं चालायचं ते ऐका. 1960 नंतरच्या त्या वर्षांत सेल्माच्या परगण्यात मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय होते 15 हजारांच्या आसपास. यादीत नाव होतं जेमतेम तीनशे जणांचं. नोंदणीचं कार्यालय उघडायचं महिन्यातले दोन सोमवार. रांगेत उभं राहिलेलं दिसलं की नोकरी जायची. ज्यांनी वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचं, ते मास्तर आणि बाईसुद्धा परीक्षेत नापास!

7 मार्च 1965 रोजी सुमारे 600 माणसं या अन्यायाविरुद्ध पायी निघाली. गावच्या पुलावर पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी झोडपलं. त्या पुलाला नाव कोणाचं, तर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका सेनापतीचं. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसची कवटी त्या दिवशी फुटली. पुढे ते जॉर्जियाचे खासदार झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, 6 ऑगस्टला, मताधिकार कायद्यावर सही झाली. मिसिसिपीत आधी शंभरातल्या सात कृष्णवर्णीयांचंही नाव यादीत नव्हतं. दोन वर्षांत ते प्रमाण साठाच्या घरात गेलं. ओबामांच्या विजयाचं श्रेय वक्तृत्वाला देणारे पुष्कळ आहेत. मी आधी या याद्यांना देईन.

आता नोव्हेंबरचे आकडे. व्हर्जिनिया हे यादवी युद्धात गुलामगिरीवाल्यांच्या राजधानीचं राज्य. ओबामांच्या आईवडिलांचं लग्न 1961 साली हवाईत झालं. तेच व्हर्जिनियात झालं असतं तर गोरी आई आणि काळा बाप दोघांनाही तुरुंग होता. तो कायदा 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. त्या व्हर्जिनियाने या वेळी ओबामांना कौल दिला. आणि अलाबामा? मतदानानंतरच्या पाहण्या सांगतात की तिथल्या दहा गोऱ्यांतल्या जेमतेम एकाने त्यांना मत दिलं. देश एक, निवडणूक एक. ओबामा सिनेटर होते तेव्हा शंभर जणांत कृष्णवर्णीय ते एकटेच, हेही विसरून चालणार नाही.

1965 च्या त्या कायद्यात पाचवं कलम घातलेलं होतं. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी मतदानाच्या नियमात साधा मतदान केंद्राचा पत्ता बदलायचा म्हटला तरी आधी वॉशिंग्टनची परवानगी घ्यायची. 2006 साली संसदेने त्याला आणखी 25 वर्षांची मुदत दिली. गेल्याच आठवड्यात, 9 जानेवारीला, या कलमाला आव्हान देणारा एक खटला सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतला. तो आणलाय टेक्ससमधल्या एका छोट्याशा स्थानिक मंडळाने. काळा माणूस राष्ट्राध्यक्ष झाला, आता हे कलम कशाला, असा सूर निघू लागलाच आहे. तेव्हा मंगळवारी रात्री जागून शपथविधी पाहाच. पण पुढचे काही महिने वर्तमानपत्राची आतली पानंही चाळत राहा. या खटल्याची बातमी आलीच, तर ती तिथेच कुठेतरी येईल.

नमस्कार.