लिफ्टच्या शेजारचं दार

(दृश्य : वरळी, जांबोरी मैदान. समोर जुन्या बीडीडी चाळी, त्यांच्या मागे नवे मनोरे.)

निवेदन :

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी. 1920 च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चार ठिकाणी मिळून 207 चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले. खोली 160 चौरस फुटांची, संडास सगळ्यांचे मिळून. लिफ्टचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईचा दिवस आठवून बघा. सकाळी दुधाला खाली. मग पोरांना शाळेत सोडायला. दुपारी दळण. संध्याकाळी भाजी, आणि भाजी घेऊन वर आल्यावर कळायचं की कोथिंबीर राहिली, की पुन्हा खाली. गणपतीच्या दिवसांत तर खाली-वर किती व्हायचं याची मोजदादच नाही. याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. व्यायाम म्हणजे तालमीतला, जोर-बैठकांचा, तोही पुरुषांचा.

हे चित्र गोड करून सांगायचा मोह होतो, तो आवरायला हवा. गुडघे गेलेली म्हातारी माणसं याच चाळींत महिनोन् महिने खाली उतरत नसत. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चार पोरांनी उचलायचं. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 500 चौरस फूट, घरात स्वतःचा संडास, दाराबाहेर लिफ्ट. हे सगळं त्यांच्या हक्काचं होतं आणि फार उशिरा मिळालं. त्यांना ‘जिना बरा होता हो’ असं सांगायचं आमचं तोंड नाही.

तरी एक हिशेब राहतोच. दिवसभरात जी हालचाल आपोआप व्हायची ती बंद झाली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. हे फक्त चाळकऱ्यांचं नाही, आपल्या सगळ्यांचंच झालंय. फोनवर भाजी येते, दळण घरपोच येतं, बिलं बसल्या जागी भरली जातात. 2022 च्या आकडेवारीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण 42 टक्के, बायकांत 57.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. लंडनमधली लाल डबलडेकर बस, मागच्या उघड्या दारात उभा कंडक्टर.)

जिन्याचं महत्त्व वैद्यकशास्त्राला कळलं ते एका बसमुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने माणसं मरण्याचं प्रमाण वाढत होतं आणि कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने लंडनच्या बस, ट्राम आणि ट्रॉलीबसवरचे कर्मचारी तपासायला घेतले. वय 35 ते 64, सुमारे 31,000 पुरुष. बस एकच, पगाराची पावती एकाच कंपनीची, राहणं साधारण एकाच प्रकारच्या वस्त्यांत. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत खाली-वर. कंडक्टरच्या एका पाळीत साधारण 600 पायऱ्या चढून व्हायच्या. मजल्याला 20 पायऱ्या धरल्या तर 30 मजले. तेही एका दमात नाही, दिवसभरात विखुरलेले.

1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला. कंडक्टरांमध्ये हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होता. झालाच तर उशिराच्या वयात आणि कमी जीवघेणा. टपाल खात्यातही तेच दिसलं. पत्रं वाटत हिंडणारे पोस्टमन सुरक्षित, त्याच खात्यातले खुर्चीवरचे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर जास्त धोक्यात.

यापुढचं आम्हाला सगळ्यात आवडलं. मॉरिसला स्वतःच्याच निष्कर्षाची शंका आली. जाडी माणसंच ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील तर? त्यासाठी त्याने गणवेश शिवून घेणाऱ्या विभागाच्या नोंदी काढल्या आणि कर्मचाऱ्यांच्या पँटचं कमरेचं माप बघितलं. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयापासून. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. हे त्याने लपवलं नाही, 1956 मध्ये स्वतःच छापलं, आणि मग पुढची कित्येक वर्षं इतर नोकरदारांवर हाच प्रश्न घासून घासून तपासला. उत्तर मात्र फिरलं नाही : हलणाऱ्या माणसाचं हृदय जास्त टिकतं. मॉरिस 2009 साली वारला, 99 वर्षांचा होऊन. शेवटपर्यंत त्याचा स्वतःचा व्यायाम चालू होता.

(दृश्य : मुंबई. बेस्टची लाल डबलडेकर.)

मुंबईत डबलडेकर 1937 मध्ये आली आणि डिझेलवर धावणारी शेवटची सप्टेंबर 2023 मध्ये निवृत्त झाली. आपले कंडक्टरही लंडनवाल्यांसारखेच खाली-वर करत असतील, असं वाटेल. पण बेस्टने डबलडेकरला दोन कंडक्टर ठेवले होते, एक खालच्या मजल्याला, एक वरच्या. प्रवाशांची सोय झाली, कंडक्टरच्या पायऱ्या वाचल्या. वाचल्या म्हणायचं की गेल्या, ते तुम्ही ठरवा.

(दृश्य : एका मनोऱ्याची लॉबी. लिफ्टसमोर आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.)

आता आजच्या माणसाकडे येऊ. सकाळी सव्वासातची लोकल, रात्री नऊला घर. त्याला ‘रोज एक तास जिमला जा’ म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं आहे. तो फी भरतो, आठ-दहा दिवस जातो, मग जिमचं कार्ड पाकिटात राहतं आणि मनात अपराधीपणा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये आपल्या सूचना बदलल्या, त्यातला एक बदल अशा माणसासाठी मोठा आहे. आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, हा आकडा राहिला. पण ‘सलग निदान दहा मिनिटं झाली तरच मोजायची’ ही जुनी अट गेली. दोन मिनिटांची चढणही आता हिशेबात येते. मध्यम श्रम ओळखायचे कसे? चालता चालता बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. बोलतानाही मध्येच श्वास घ्यावा लागला, तर श्रम जोराचे झाले, आणि जोराच्या श्रमांची निम्मी मिनिटं पुरतात. जिना यात पटकन वरच्या गटात जातो, कारण प्रत्येक पायरीला आपलं अख्खं वजन आपल्यालाच उचलावं लागतं. मांड्या, पोटऱ्या, पार्श्वभाग हे शरीरातले मोठाले स्नायू एकदम कामाला लागतात.

(दृश्य : कॅमेरा लिफ्टच्या बाजूच्या जड दाराकडे वळतो.)

हे ते दार. प्रत्येक उंच इमारतीत असतं, कारण आगीच्या नियमांमुळे जिना बांधावाच लागतो. दार ढकलायला खांदा लावावा लागतो. आत गेलं की मागे आपोआप धाडकन बंद होतं. पहिल्या दोन मजल्यांवर ट्यूब चालू, तिसऱ्यावर फडफडते, पुढे अंधार. चौथ्या मजल्याच्या वळणावर लहान मुलाची सायकल, चाकात हवा नाही. पाचव्यावर एक चपलांचा रॅक आणि रंगाचे रिकामे डबे. कोपऱ्यात पानाची पिंक, तिच्या वर देवांच्या चित्रांच्या टाइल्स आणि त्याही बाजूला सोडून मारलेली नवी पिंक. मजल्याचा आकडा शोधला तर मीटर बॉक्सवर खडूने लिहिलेला. कठड्यावर एवढी धूळ की हात लावावासा वाटत नाही, आणि जिन्यात कठडा धरायचा नाही तर धरायचं काय?

इथे कुणी चढत नाही, आणि त्याला आळस हे एकच कारण नाही. एकटी बाई या अंधारात शिरणार नाही, आणि तिने शिरूही नये. आगीच्या वेळी उतरायची वाट अडवून ठेवणं कायद्यालाही मंजूर नाही, पण ते सांगायला अग्निशमन दलाची पाहणीच यावी लागते. एक सूचना मात्र इथेच : हवा यावी म्हणून हे जड दार वीट लावून उघडं ठेवू नका. धूर जिन्यात शिरू नये यासाठीच ते आपोआप बंद होणारं असतं.

(दृश्य : अठराव्या मजल्याचं बटण दाबलेली लिफ्ट. बोट मागे येतं आणि सोळा दाबतं.)

अठरा मजले चढायला कुणीच सांगत नाही. सोळाव्याला उतरा आणि दोन मजले चढा. आठवडाभर एवढंच. मग पंधराव्याला. दम लागला की वळणावर थांबा, त्यात लाज कसली? पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा, नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्या लवकर भरून येतात. हात मोकळा ठेवा, म्हणजे भाजीच्या पिशव्या एका हातात किंवा पाठीवर. आणि मोबाईल खिशात.

गुडघे कुरकुरत असतील त्यांनी चढायला जिना आणि उतरायला लिफ्ट ठेवावी. हे उलटं वाटतं खरं. चढताना दम लागतो म्हणून चढणं कठीण आणि उतरणं सोपं, असं आपण धरून चालतो. गुडघ्यांचं म्हणणं वेगळं असतं. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा भार सावरत सावरत खाली सोडायचा असतो, आणि कळ बहुधा तेव्हाच येते. हृदयाचा त्रास असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, तोल जात असेल, तर आधी डॉक्टर. चढताना छातीत दडपण आलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, घेरी आली, तर ‘सवय नाही म्हणून होतंय’ असं स्वतःला समजावू नका. बसा, हाक मारा आणि दवाखाना गाठा.

(दृश्य : रेल्वेचा पादचारी पूल, संध्याकाळची गर्दी. सरकत्या जिन्याशी रांग, बाजूचा साधा जिना अर्धा रिकामा.)

ज्यांच्या इमारतीला जिनाच नीट नाही, त्यांच्यासाठी स्टेशन आहे. सरकत्या जिन्याच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात बाजूच्या साध्या जिन्याने माणूस वर पोचलेला असतो. मात्र गर्दी उसळली असेल तर व्यायाम विसरा. तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर 29 सप्टेंबर 2017 ला झालेल्या चेंगराचेंगरीत वीसहून जास्त माणसं गेली. चालायची सवय हवी असेल तर चालायला रुंद जागाही हवी, आणि ती एकट्यादुकट्याच्या निश्चयाने मिळत नाही.

(दृश्य : रात्र. मनोऱ्याचा पोडियम, म्हणजे पार्किंगच्या वरची मोकळी गच्ची. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या दोन काकू झपाझप फेऱ्या घालतायत.)

जेवणानंतरची शतपावली चाळीच्या गॅलरीतही होती, इथेही आलीय. जागा बदलली, गप्पांचे विषय फारसे नाहीत. जेवल्यावर रक्तात साखर चढू लागते त्याच वेळी पाय चालू असले की स्नायू ती ओढून घेतात, आणि चढ बेताचा राहतो. मधुमेहाच्या औषधांना हा पर्याय नव्हे, पण जोड चांगली. देशात मधुमेह असलेली माणसं 10 कोटींच्या वर आहेत, असं 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत दिसलं. तेव्हा जेवण झालं की टीव्हीसमोर बसण्याआधीची ती दहा-पंधरा मिनिटं स्वस्तात मिळालेली समजा. काकूंना विचारलं, रोज येता का? त्या म्हणाल्या, ‘‘ही खाली आली की मला फोन करते. नाही आले तर दुसऱ्या दिवशी ऐकवते.’’ एवढा धाक कुठल्या ॲपला जमलेला आमच्या पाहण्यात नाही.

(दृश्य : पुन्हा तो जिना. वॉचमन फडफडणारी ट्यूब बदलतोय.)

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंग आणि पाण्याच्या भांडणातून वेळ उरला तर एक विषय घाला. जिन्यातल्या बंद ट्यूब बदलायच्या, आठवड्यातून दोनदा झाडू आणि कठड्यावर ओलं फडकं, मजल्याचे आकडे भिंतीवर मोठे रंगवायचे, सायकली आणि रॅक ज्याचे त्याने घरात न्यायचे. शेवटच्या मुद्द्यावर वाद होईल, तेव्हा आगीच्या नियमाचा कागद जवळ ठेवा. सेक्रेटरी नक्की विचारतील, ‘‘पण चढणार कोण?’’ चार नावं आधीच ठरवून जा. त्यात एक तुमचं घाला.