अटींचा कागद आणि रशियाचा झार

२५ फेब्रुवारी १७३०, तेव्हाच्या रशियन पंचांगानुसार. मॉस्कोच्या राजवाड्यात नवी सम्राज्ञी आन्ना इवानोव्हना एक कागद मागवते आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडते. कागदावर सही तिचीच, महिन्याभरापूर्वीची.

जानेवारीत चौदा वर्षांचा झार दुसरा पीटर देवीच्या रोगाने गेला, तोही लग्न ठरलेल्या दिवशीच. रोमानोव्ह राजघराण्याची पुरुषशाखा खुंटली. कारभार पाहणाऱ्या सर्वोच्च परिषदेने बाल्टिक किनाऱ्यावरच्या कुरलँड या छोट्या संस्थानाच्या विधवा डचेसला, म्हणजे आन्नाला, गादी देऊ केली. सोबत अटी. परिषदेला विचारल्याशिवाय युद्ध करायचं नाही, तह करायचा नाही, नवा कर बसवायचा नाही. लग्न करायचं नाही, वारस नेमायचा नाही. न्यायनिवाड्याशिवाय सरदारांचा जीव किंवा इस्टेट घ्यायची नाही. शब्द मोडला तर मुकुट गेला! आन्नाने मुकाट सही केली.

मग बिनसलं कुठे? अटी घालणारे अवघे आठ जण, त्यातले बहुतेक गोलित्सिन आणि दोल्गोरुकोव्ह या दोन घराण्यांतले. बाकीच्या सरदारांनी धास्ती घेतली. एका झाराच्या जागी आठ झार बसले तर? त्यापेक्षा एकच बरा. शाही गार्डचे अधिकारीही आन्नाकडे झुकले. त्या दिवशी झारशाहीला तारलं ते सरदारांच्या एकमेकांवरच्या संशयाने. अटींमागचा सूत्रधार दिमित्री गोलित्सिन पुढे श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात कैदेत मेला.

आन्नाने परत मिळवलेलं बिरुद होतं ‘समोदेर्झेत्स’, एकट्याच्या बळावर राज्य करणारा. पंधराव्या शतकात, तिसऱ्या इव्हानच्या काळी, त्याचा रोख बाहेर होता: मॉस्को आता तातार खानाचं मांडलिक नाही. १५४७ मध्ये चौथ्या इव्हानने झार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला, १७२१ मध्ये पीटर द ग्रेट सम्राट झाला. तोवर बिरुदाचा रोख प्रजेकडे वळला होता. १८३२ च्या कायदेसंहितेचं पहिलंच कलम सम्राटाला ‘एकाधिकारी आणि अमर्याद’ म्हणतं.

१९०५ च्या क्रांतीने ड्यूमा, म्हणजे निवडून आलेली संसद, आणली. १९०६ मध्ये ‘अमर्याद’ वगळलं गेलं, ‘एकाधिकारी’ राहिलं. शेवटचा झार दुसरा निकोलस, त्याने तर १८९७ च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘रशियन भूमीचा धनी’.

मार्च १९१७. प्स्कोव्ह स्थानकात, रेल्वेच्या डब्यात, निकोलसने गादी सोडली. आजारी मुलाच्या वतीनेही सोडली आणि भावाच्या नावे केली. वारसाहक्काच्या कायद्यात अशी सोयच नव्हती, पण झाराला ते आडवं आलं नाही. भाऊ मिखाईलने दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं: लोकांनी निवडलेल्या संविधान सभेने देऊ केली तरच सत्ता घेईन. ती सभा जानेवारी १९१८ मध्ये भरली, आणि पहिल्याच बैठकीनंतर बोल्शेविकांनी मोडून टाकली.