पाळी सुटल्यावर

(दृश्य: नाशिकची अंबड औद्योगिक वसाहत. मे महिना, दुपारचे तीन. पत्र्याची शेड, गेट, कडुनिंब.)

पहिली पाळी सुटतेय, दुसरी आत शिरतेय. शेडमधला मोठा पंखा तापलेली हवा इकडची तिकडे करतो, बाकी काही नाही. गेटबाहेर कडुनिंबाखाली चहाची टपरी आहे. या दिवसांत तिथं चहापेक्षा ताक जास्त खपतं. मीही याच शेडमध्ये कामाला. आज फोनचा कॅमेरा चालू केला आणि पाळीतल्या मंडळींना विचारलं, उन्हाळ्यात गार कसे होता, आणि मजा कशात येते?

लेथवरचे मामा म्हणाले, "गार कसला होतोय! माझं अंग थंड झालं ते रंगपंचमीला. धप्पा मारला, संपला विषय."

(दृश्य: पंचवटी, शनी चौक. रिकामा रस्ता.)

धप्पा म्हणजे काय, हे नाशिकबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. जुन्या नाशकात आणि पंचवटीत रहाडी आहेत. रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद. पेशव्यांच्या काळापासूनचा, असं सांगतात. एरवी वर फळ्या आणि माती, त्यावरून रिक्षा जातात. आत्ता तुम्ही बघताय त्या रस्त्याखाली एक आहे, पण कळणार नाही. रंगपंचमी जवळ आली की माती उकरायची, पूजा करायची, रंग कालवायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. शनी चौकाची गुलाबी, तिवंध्याची पिवळी. उडी अशी घ्यायची, की काठावरचा कोरडा राहता कामा नये. तोच धप्पा. मामा पुढचा आठवडाभर गुलाबी कानांनी कामावर येतात. साहेबही आता विचारत नाहीत.

(दृश्य: कडुनिंबाच्या बुंध्याशी माठ. भोवती ओलं गोणपाट.)

आत स्टीलचा वॉटर कूलर आहे, तरी रांग या माठाशी. आमचे इलेक्ट्रिशियन दादा याचं कारण फार प्रेमानं सांगतात. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाऱ्यानं उडून जातं, आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. घरातल्या वाळ्याच्या कूलरचंही तेच. हवा कोरडी असली तरच हे जमतं. नाशिक समुद्रापासून लांब, जवळपास ६०० मीटर उंचावर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला तरी हवा कोरडी, म्हणून सावलीत बरं वाटतं आणि रात्री गच्चीवर पांघरूण शोधावं लागतं. "मुंबईत कूलर लावून बघा," दादा म्हणतात, "नुसती दमट खोली मिळेल." जूनमध्ये ढग आले की आपल्याकडेही तीच गत. मग ते कूलर पुसून माळ्यावर टाकतात.

पोरांचं मात्र वेगळं. त्यांना थिएटरचा एसी हवा. पिक्चर कुठलाही चालतो, तीन तास गारवा मिळाल्याशी मतलब. मला यात गंमत वाटते ती अशी, की दादासाहेब फाळके जन्मले ते आपल्या त्र्यंबकेश्वरात, ३० एप्रिल १८७० ला, म्हणजे ऐन उन्हात. १९१३ साली पहिला चित्रपट पडद्यावर आणल्यावर त्यांनी बिऱ्हाड नाशकातच हलवलं. सुट्टीच्या दिवशी काही जण गंगापूर धरणाकडे जातात. काठावर बसा, फोटो काढा. पाण्यात उतरू नका. दर उन्हाळ्यात वाईट बातमी येतेच.

(दृश्य: गोदाघाट, संध्याकाळ. सतरंज्या, खुर्च्या, समोर व्यासपीठ.)

क्वालिटीतल्या ताईंचं उत्तर कुणालाच अपेक्षित नव्हतं. त्या मे महिन्यात सासूबाईंना घेऊन वसंत व्याख्यानमालेला जातात. गोदाघाटावर, देवमामलेदारांच्या पटांगणावर, उघड्या आभाळाखाली. तिकीट नाही. "विषय कधी कळतो, कधी नाही," त्या म्हणाल्या, "पण नदीवरून वारा येतो ना, तो कुठल्या एसीत आहे? आणि सासूबाई दोन तास माझ्या स्वयंपाकावर बोलत नाहीत." हे वाक्य ठेवू का, असं मी दोनदा विचारलं. ठेव म्हणाल्या.

(दृश्य: पळसाच्या पानांचा द्रोण, जवळून. काळी करवंदं, एकावर चीक सुकलेला.)

आणि ही आमची सगळ्यात मोठी करमणूक. झाडलोट करणाऱ्या मावशी हरसूलकडच्या. सुट्टीत घरी गेल्या की डोंगरची काळी मैना घेऊन येतात. द्रोण मध्ये ठेवायचा, एकानं करवंद उचलायचं आणि समोरच्यानं ओळखायचं, कोंबडा की कोंबडी? चावलं आणि आत लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. पंचावन्न वर्षांचे मामा, कालच लागलेला अप्रेंटिस, खुद्द साहेब, सगळे ओठांना चीक लागेपर्यंत खेळतात. हरेल त्यानं रस पाजायचा.

"आता कॅमेरावाल्याचा नंबर," मावशींनी टुम्म करवंद उचललं. बाहेरून अगदी काळंभोर. मी छातीठोकपणे सांगितलं, कोंबडा!

त्यांनी चावलं. अर्धं करवंद कॅमेऱ्यासमोर धरलं.

कोंबडी.

(आवाज: रसवंतीच्या चरकाचे घुंगरू.)

"अकरा ग्लास," मामा रसवाल्याला ओरडले, "आलं-लिंबू घालून. पैसे हा शूटिंगवाला देतोय."