आबांचं हाड

[दृश्य: रत्नागिरीजवळचा सडा (कातळाचं पठार), मे महिन्यातलं ऊन. कलमासाठी खणलेला खड्डा. म्हाताऱ्या हातांत नळीसारखा एक दगड.]

निवेदन:

आबांनी तो जुन्या पंचात गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. हापूसच्या कलमासाठी कातळात खड्डा मारताना सापडलेला. वीतभर लांब, दोन्ही टोकांना जरा फुगीर, मधून पोकळ.

"ताई, हाड आहे हे नक्की. जनावर कुठलं, ते तेवढं तुम्ही सांगा."

खोटं कशाला बोलू, हातात घेतल्यावर मलाही हाडच वाटलं.

[दृश्य: नळीचं तुटलेलं टोक, भिंगातून.]

आता हे टोक बघा. बाहेर तपकिरी, लोखंडासारखं टणक कवच. आत पांढरट माती. हाड असतं, तर बाहेर घट्ट थर आणि आत, निदान टोकाशी तरी, स्पंजासारखी बारीक जाळी दिसली असती. इथे जाळी नाही. एकावर एक चढलेली गंजाची पुटं आहेत.

ही जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाची करामत. मूळचा दगड लाखो वर्षं पावसापाण्यात कुजत जातो. विरघळेल ते पाणी घेऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. पाणी जिथून झिरपतं, मुळं जिथून शिरतात, त्या वाटांच्या कडेनं लोह साचतं आणि नळी तयार होते. चिरेखाणीत जा, ताज्या कापलेल्या चिऱ्यावर हात फिरवा, अशी 'हाडं' डझनानं मिळतील.

कुणीतरी सांगतंच, जीभ लावून बघा, जुनं हाड जिभेला चिकटतं. चिकटतं, खरं आहे. पण जांभ्यातली मातीही चिकटते. मी लावून पाहिली. अर्धा तास तोंडात पाटीवरच्या पेन्सिलीची चव होती.

[दृश्य: आबांच्या घरामागची विहीर. वर तांबडा जांभा, खाली काळा दगड.]

"आबा, विहीर खणताना खाली काय लागलं?"

"काळवत्री. सुरुंग लावावे लागले."

काळवत्री म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. इथल्या जांभ्याचा मूळचा दगड हाच. वाहताना हजार अंशांच्या वर तापलेला. त्यात हाड कुठलं टिकायला? म्हणून आकाराकडे नंतर बघायचं. आधी विचारायचं, दगड आला कुठल्या खडकातून?

[दृश्य: समुद्रकाठ, ओहोटी. काळ्या खडकातले गोल गोटे.]

आणि ही 'डायनासोरची अंडी'. बेसाल्टला भेगा पडून चौकोनी ठोकळे होतात. ठोकळ्याच्या कोपऱ्याला पाणी तीन बाजूंनी खातं, कडेला दोन, सपाट अंगाला एकच. कोपरे आधी झिजतात, ठोकळा गोल होतो आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. फोडून बघा, गाभ्यापर्यंत दगड तोच. खऱ्या अंड्याला वेगळं, पातळ कवच असतं आणि भिंगाखाली त्यात छिद्रं दिसतात.

उलटंही घडतं बरं का. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्याला लोक काही गोल दगड 'काकर भैरव' म्हणून पूजत होते. ती डायनासोरची खरी अंडी निघाली. पण तो भाग नर्मदेच्या खोऱ्यातला, तिथे गाळाचे खडक आहेत.

[दृश्य: फुटलेला दगड. भेगेवर काळी, नेच्यासारखी नक्षी.]

पानाचा ठसा समजून यानं तर भलेभले फसतात. भेगेत पाणी शिरलं, मँगनीज सोडून गेलं, फांद्या फुटत गेल्या. पानाला मधली शीर असते, कडा असते. याला दोन्ही नाही, नुसत्या फांद्याच फांद्या. मला विचाराल तर हीच सगळ्यांत देखणी फसवणूक.

म्हणून कोकणात जीवाश्म नाहीतच, असं मात्र समजू नका. मुंबईत वरळीला बेडकांचे जीवाश्म सापडले आणि 1847 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. लाव्ह्याचा एक लोट थिजून दुसरा येईपर्यंत मध्ये काळ जायचा, तळी साचायची. बेडूक त्या तळ्याच्या गाळातले. रत्नागिरीच्या परिसरातही जांभ्याखाली काही ठिकाणी लिग्नाइटचे, म्हणजे कच्च्या दगडी कोळशाचे थर आहेत, त्यांत झाडांचे अवशेष मिळतात. आणि किनाऱ्यावरचा करळ? वाळू आणि शिंपले चुन्यानं सांधून झालेला दगड. त्यातले शिंपले अस्सल, पण भूगर्भाच्या हिशेबात कालपरवाचे. लिंबू पिळलं तर फसफसतील. मात्र बेसाल्टच्या पोकळीतलं कॅल्साइट, म्हणजे चुन्याचं खनिजही तसंच फसफसतं, तेव्हा एका लिंबावर निकाल देऊ नका.

[दृश्य: पडवी. आबा नळी पुन्हा पंचात गुंडाळतात.]

"म्हणजे हाड नव्हे तर."

"नव्हे, आबा."

आबा जरा वेळ गप्प बसले. मग गाठ मारत म्हणाले, "गणपतीला नातू येईल मुंबईहून. त्याला मी आधी हाडच सांगणार."